गळ्यातली गाठ



आम्हांला या व्याख्यानमालेचे बोलावणे आले, तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती की आम्ही किमान वेतनावर बोलावे. त्या विषयावर आम्ही कोणी न बोलावताही बोलत असतो. म्हणून यंदा विषय आम्ही मागून घेतला. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे नगर वाचनालयात. तेव्हा आज जे सांगणार आहोत, ते दवाखान्याच्या बाकावर बसून शिकलेले आहे एवढे आधीच सांगून टाकतो.

मारुती मंदिराजवळ आमची दाढी ज्यांच्याकडे होते, त्यांचा हात एके दिवशी गळ्यापाशी थांबला. "भाऊ, ही गोटी कसली?" घरी येऊन आम्ही आरशासमोर उभे राहिलो, मान जराशी मागे टाकली आणि घोटभर पाणी प्यालो. कंठमण्याच्या खाली, उजव्या बाजूस, सुपारीएवढे काहीतरी घोटाबरोबर वर गेले आणि खाली आले. ज्या गाठी अशा वर-खाली होतात, त्या बहुधा थायरॉइड ग्रंथीच्या असतात, कारण ही ग्रंथी श्वासनलिकेला बांधलेली असते. हे ज्ञान आम्हांला पुढे झाले. त्या दिवशी फक्त भीती वाटली.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. एकाने गंडमाळ ठरवली आणि लेप सांगितला. दुसऱ्याने आवाज खाली आणून कर्करोगाचे नाव घेतले. आम्ही काय केले? चार महिने गळ्याला मफलर गुंडाळून हिंडलो. रत्नागिरीत, चैत्रात, मफलर! दरवाजासभांवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला मरणाचे भय वाटले नाही असे नाही. पण त्याहून आवाज जाईल याचे वाटले. आवाजाच्या नसा या ग्रंथीला अगदी चिकटून जातात, आणि हे कोणीतरी आम्हांला नेमके त्याच वेळी सांगून ठेवले होते.

ग्रंथी म्हणाल तर फुलपाखराच्या आकाराची, वजनाने वीस ग्रॅमच्या आसपास. अन्नातले आयोडीन घेऊन ती जो रस तयार करते, त्यावर शरीराची सारी भट्टी चालते. स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य थिओडोर कोखर यांना या ग्रंथीवरील कामासाठी १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शस्त्रक्रियेत पूर्वी माणसे टेबलावरच दगावत, ती त्यांनी निर्धोक केली. आणि संपूर्ण ग्रंथी काढली तर माणूस मंद, सुजलेला होतो हेही त्यांनीच आपल्या रुग्णांवरून पाहिले व सांगितले. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून हिमालयातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, आणि १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

आमचे लोक म्हणतात, "आम्ही मासळी खाणारी माणसे, आम्हांला कसला गलगंड?" मासळीत आयोडीन असते हे खरे. पण समुद्राच्या साध्या मिठात ते नगण्य असते. १९३० साली शिरोड्याला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, ज्या मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या मिठाबद्दल आमचा आदर काडीमात्र कमी होत नाही; पण गळ्याच्या दृष्टीने ते अपुरेच. शिवाय आयोडीन पुरेसे असूनही गाठ येते. वयाबरोबर येते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक येते.

शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी मफलर बंबात घातला, तेव्हा आम्ही तपासणीला गेलो. तपासणीला एक क्रम आहे. आधी डॉक्टरांचा हात आणि प्रश्न: गाठ झपाट्याने वाढली का, आवाज बसला का, गिळताना अडते का, घरात कोणाला हा कर्करोग होता का, लहानपणी मानेवर किरणोपचार झाले होते का. मग रक्तातील टी.एस.एच. ते कमी निघाले तर गाठ स्वतःच जास्त रस करीत असण्याचा संभव. मग किरणोत्सर्गी द्रव्य देऊन ग्रंथीचे चित्र घेतात. अशी 'तापलेली' गाठ कर्करोगाची क्वचितच असते. या कामासाठी अणुशक्ती खात्याने १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढले. आमचे टी.एस.एच. ठीक होते, म्हणून आमची पाळी थेट सोनोग्राफीवर आली. गाठ भरीव की पाण्याची, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, हे तिच्यात दिसते. एक सेंटिमीटरहून लहान गाठीला बहुधा सुई लावीत नाहीत. आमची अडीच सेंटिमीटर होती.

सुईचे नाव ऐकून आमचे पाय लटपटले, हे कबूल करतो. प्रत्यक्षात ती रक्त काढण्याच्या सुईहून बारीक. अहवालाचे बेथेस्डा पद्धतीने सहा वर्ग करतात. आमचा आला पहिला वर्ग. आम्ही पेढे आणणार होतो! पण पहिला वर्ग म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. म्हणजे अहवालच नाही. हे आम्ही कोश उघडून, इंग्रजीचा एकेक शब्द लावून वाचले. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्हांला सांगण्यात आले की कशाला घोळ, काढूनच टाका. तीस वर्षे मालकांसमोर बसून एक सवय लागली आहे, ती कामास आली. आम्ही विचारले, "कोणत्या कागदावरून?" कागद नव्हता. आम्ही आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने पुन्हा सुई घातली. दुसरा वर्ग आला: निरुपद्रवी. दहांतल्या नऊ गाठी अशाच असतात. गाठ आजही जागेवर आहे.

उलट टोकाचेही ऐका. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या गळ्यांची सरसकट सोनोग्राफी सुरू झाली. २०११ साली तिथे थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले, आणि मृत्यूंचे प्रमाण होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. तेव्हा उद्या उठून सगळ्यांनी रांगा लावाव्यात असे आम्ही म्हणत नाही. हाताला गाठ लागली, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर जावे.

आणि इथे आमचा मूळ विषय आलाच. आमच्या युनियनमध्ये कोळंबी सोलणारी एक भगिनी आहे. तिच्या गळ्याची गाठ आम्हांला आमच्या मफलरच्या दिवसांतच दिसली होती. आम्ही सांगितले, तर म्हणाली, "भाऊ, दुखत नाही तर खाडा कशाला करू?" रक्त, सोनोग्राफी, सुई, अहवाल: चार खाडे. तिचा आवाज बसला, तो सगळ्यांनी बर्फातल्या कामावर ढकलला, आम्हीसुद्धा. स्वतःच मफलर गुंडाळलेला माणूस तिला आणखी काय सांगणार? तिची गाठ कर्करोगाची निघाली. प्रकार पॅपिलरी, म्हणजे बहुधा बरा होणारा. शस्त्रक्रिया झाली, ती कामावरही आली. पण आवाजाची एक नस रोगाने आधीच धरली होती. आवाज बसका तो बसकाच राहिला.

तपासणीच्या दिवसांची भरपगारी सुटी मिळावी अशी मागणी आम्ही दिली आहे. व्यवस्थापन म्हणते, बाया उक्त्यावर आहेत, त्यांना सुटी कसली? सोमवारी पुन्हा बैठक आहे. ती भगिनी येणार आहे. तिने आपले म्हणणे लिहून काढले आहे, आणि ते वाचून दाखवायचे काम आमच्याकडे दिले आहे.