फुटणाऱ्या गोळीचा भरवसा



समोर निम्मे चांदमारीवर सराव घेणारे उस्ताद आहेत आणि निम्मे शस्त्रागारात हत्यारं खोलून बसणारे आर्मोरर. या दोघांचं ज्यावरून हमखास वाजतं, तोच विषय मी घेतला आहे: फ्रँजिबल राऊंड. उस्ताद म्हणतो पिस्तूल अडकतं, आर्मोरर म्हणतो पिस्तुलाला काही धाड भरलेली नाही. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. हत्यार ठीक असतं, राऊंडही ठीक असतो. त्यांची जोडी जमलेली नसते.

पोलादी टार्गेटवर जवळून मारलेली गोळी उलटून मारणाऱ्याच्याच अंगावर येऊ नये, तिचा भुगा व्हावा, यासाठी ही गोळी. तांब्याची भुकटी कथलाबरोबर साच्यात दाबायची आणि तापवायची. बंदिस्त रेंजवर शिशाची धूळ नाकात जात नाही, हा फायदा खराच, त्यावर वाद नको. पण पोलादावर फुटायची ही गोळी त्याआधी मॅगझीनमधून वर येताना, फीड रॅम्पवर आपटताना, नळीच्या पिळातून जाताना फुटता कामा नये. सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

आधी नेमाचं बोलू. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.96, दाबलेल्या भुकटीची त्याहून कमी. म्हणजे गोळी एक तर हलकी होणार, नाही तर लांब. 9 एमएमची नेहमीची गोळी 115 किंवा 124 ग्रेनची. फ्रँजिबल बऱ्याचदा 100 ग्रेनची येते. ती वेगात सुटते, पिस्तुलाचं तोंड वर उचलायच्या आत नळीबाहेर पडते आणि नेमाच्या खाली लागते. जवान बिचारा ट्रिगर झटकतो म्हणून बोलणी खातो.

5.56 ची गोष्ट वेगळी. लांब गोळीला पीळ जास्त लागतो, हे ग्रीनहिलने 1879 मध्येच गणिताने मांडलं. मात्र 7 इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला 3000 फुटांनी सुटलेली गोळी मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेते. साच्यात भुकटी सारखी बसली नसेल, तर एवढ्या फेऱ्यांत गोळी डोलते आणि ग्रुप पसरतो. एखादी टार्गेटपर्यंत पोचतच नाही, वाटेतच विखुरते.

हे दुखणं आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानातल्या गनर्सना खऱ्या विमानावर गोळ्या झाडून सराव दिला होता. ड्यूक विद्यापीठाच्या मदतीने शिसं आणि बेकलाइट यांची .30 कॅलिबरची गोळी तयार झाली, आणि चिलखत चढवलेल्या आरपी-63 विमानावर ती झाडायची. गोळी लागली की विमानाच्या नाकावरचा दिवा लागे, म्हणून त्याचं नाव पडलं ‘पिनबॉल’. कल्पना झकासच! पण गोळी 108 ग्रेनची आणि वेग सेकंदाला सुमारे 1360 फूट, म्हणजे नेहमीच्या निम्माच. त्यामुळे साइटचा हिशेब वेगळा मांडावा लागला आणि धक्क्यावर चालणारी मशीनगन एवढ्या दुबळ्या काडतुसावर चालवणं हे निराळंच काम होऊन बसलं.

आपल्या पिस्तुलाचंही तेच. स्लाइड धक्क्यावर मागे जाते. हलकी गोळी, नवी कडक रिकॉइल स्प्रिंग आणि सैल मनगट एकत्र आलं की पुंगळी अडकलीच म्हणून समजा. त्यात शिसं नसलेला प्रायमर असेल, तर थंडीची आणि ओलाव्याची काळजी वेगळी. कोकणातल्या कोठारांबद्दल मी जास्त सांगायला नको.

शस्त्रागारात एक करून पाहा. तोच राऊंड चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा चढवून उतरवा आणि मग कॅलिपर लावा. लांबी कमी भरू लागली, तर गोळी पुंगळीत आत ढकलली जाते आहे. दारूला जागा कमी उरते, दाब चढतो. हे साध्या राऊंडमध्येही होतं. पण साधी गोळी दबते, ही तडकते. उजेडात धरून पुंगळीच्या तोंडाशी बघा. गोळीवर केसाएवढी गोल रेघ दिसली, तर तो राऊंड बाजूला ठेवा. अशा गोळीचा पुढचा भाग निघून गेला आणि बूड नळीत राहिलं, तर पुढचा राऊंड नळी फुगवतो. म्हणून दबका आवाज आला की फायर बंद, हत्यार खाली, नळीतून रॉड आरपार घातल्याशिवाय पुढचा राऊंड नाही. मागे कितीही मोठा साहेब उभा असो.

‘सुरक्षित’ हा शिक्का मला मुळीच आवडत नाही. कडक पोलादावर भुगा होणारी हीच गोळी फळीतून किंवा पातळ भिंतीतून साध्या गोळीसारखी सरळ पार जाऊ शकते.

माझी सूचना एवढीच. स्टॉपेज झालं की आपल्या रजिस्टरमध्ये ‘हत्यार सदोष’ असं ठोकून दिलं जातं. त्याऐवजी राऊंडचा लॉट क्रमांक, हत्याराचा क्रमांक आणि स्प्रिंग कधी बदलली, हे तीन रकाने असावेत. नवा लॉट आला की तो आपल्याच हत्यारांतून झाडून, झिरो तपासून मगच सरावाला द्यावा. ड्यूटीच्या मॅगझीनमध्ये तो जाऊ नये, याची जबाबदारी उस्तादाची. दुपारच्या सत्रात रजिस्टरचा मसुदा वाटला जाईल. त्यावर आर्मोररांनी आधी बोलावं, उस्तादांनी नंतर.