क्रीडांगण हीच प्रयोगशाळा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पालकांच्या सभेत केलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी आपणांपुढे एकच विचार ठेवावा, अशी आमची इच्छा आहे. मूल बुद्धिमान निघाले व दहावीचे वर्ष आले, की पालक त्याची जी गोष्ट प्रथम बंद करतात ती खेळ होय. हेतू उत्तम खरा. परंतु त्यास विज्ञान मनापासून कळावे अशी इच्छा असेल, तर क्रीडांगणाची वाट अडविणे आम्हांस हितावह वाटत नाही.

गोळाफेकीचेच उदाहरण घ्या. फेकलेली वस्तू ४५ अंशांच्या कोनात सर्वांत दूर जाते, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भूमितीने दाखविले. हुशार विद्यार्थ्यास हे सूत्र मुखोद्गत असते. त्यास मैदानावर न्यावे, निरनिराळ्या कोनांतून गोळा फेकवावा व फितीने अंतर मोजावयास लावावे. उत्तम फेक ४५ अंशांहून कमी कोनात साधते, असे त्यास आढळेल. मग सूत्र खोटे काय? मुळीच नाही. वस्तू सुटते त्याच पातळीवर पडते, असे सूत्र गृहीत धरते. गोळा मात्र खांद्याच्या वरून सुटून जमिनीवर पडतो. शिवाय कोन जसजसा चढा करावा, तसतसा मनुष्याच्या बाहूने दिलेला वेग घटतो. ही कारणे ज्याने स्वतः शोधिली, तो सूत्राचा हमाल न राहता धनी झाला. न्यूटननेही १६७२ सालच्या प्रकाशविषयक पत्रात तिरप्या फटक्याने वळणाऱ्या टेनिसच्या चेंडूचा दाखला दिला आहे.

आणखी एक लाभ आहे. सदैव पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्यास येथे आपले उत्तर जुळत नाही हे कबूल करावे लागते, आणि ज्याच्या हातून गोळा दूर जातो तो बहुधा मागच्या बाकावरचा सोबती असतो. एकाची वही व दुसऱ्याचा बाहू एकत्र आल्यावाचून प्रयोग पुरा होत नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दृष्टांत आहे, तसाच एका शरीराच्या अनेक अवयवांचाही आहे. दोहोंचा बोध मैदानावर एकदमच होतो.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, परीक्षेच्या वर्षीही मुलामुलींचा खेळाचा तास काढून घेऊ नका. बुद्धी ही परमेश्वराची देणगी आहे, तसेच शरीरही त्याचेच दान आहे. दोहोंचा मेळ घालणारी पिढी ह्या धर्मग्रामात वाढो, हीच प्रार्थना.