तलावाचा हिरवा रंग काय सांगतो?



सकाळचे फिरणे, सुटीतली सहल आणि गणरायाचा निरोप या तिन्ही गोष्टी जळगावकरांनी मेहरूण तलावाशी जोडल्या आहेत. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झेपावणाऱ्या खानदेशात शहरालगत असा जलाशय असणे हे भाग्यच होय. परंतु अशा तलावाचे पाणी हिरवे पडू लागले, की महापालिकेकडे बोट दाखवले जाते आणि वरचे शेवाळ काढण्याची मागणी होते. शेवाळ हे लक्षण आहे. रोग काठावरच्या वस्तीत असतो.

नत्र आणि स्फुरद ही नावे खानदेशातील शेतकऱ्याला नवी नाहीत. जे खत पिकाला पोसते तेच शेवाळालाही पोसते. गटारातील मैलापाणी, कपडे धुण्याची भुकटी, शेतातून वाहून आलेले खत, पाण्यात सोडलेले निर्माल्य हा त्याचा खुराक. १९७३ साली कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी एका छोट्या तलावाच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत नत्र आणि कर्ब मिसळले, स्फुरद मात्र एकाच भागात. तेवढाच भाग हिरवागार झाला.

शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तोच ओढून घेते. मेल्यावर कुजताना उरलासुरलाही संपवते. म्हणूनच अशा तलावातील मासे बहुधा पहाटे मरतात. काही नील-हरित शैवाले यकृतास घातक विष निर्माण करतात आणि ते पाणी उकळूनही नष्ट होत नाही. सांडपाणी मिसळत राहिल्याने पाणी हिरवे पडणे आणि दुर्गंधी सुटणे हे दुर्दैव कोल्हापूरच्या रंकाळ्याने भोगले आहे. मेहरूणकाठी लोक विरंगुळ्यासाठी जातात. धुळ्याचा नकाणे तलाव तर शहराची तहान भागवतो. तेथे हयगयीला जागाच नाही.

उपाय आहेत, आणि ते सिद्ध झालेले आहेत. अमेरिकेतील सिएटल शहराने १९६३ ते १९६८ या काळात वॉशिंग्टन सरोवरात जाणारे मैलापाणी वळवले. पुढील दशकात ते सरोवर निवळले. मात्र जुन्या गाळात साठलेले स्फुरद उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून नाला आधी अडवावा आणि मग गाळ उपसावा. हा क्रम चुकला तर खर्च वाया जातो. गाळ तपासून शेतात नेल्यास तलावाला नकोसे झालेले स्फुरद जमिनीला लाभते. राज्य शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागेही गाळ शेतापर्यंत नेण्याचाच विचार आहे.

विसर्जनाबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१० आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: मूर्ती मातीची असावी, निर्माल्य वेगळे ठेवावे, कृत्रिम कुंडांचा उपयोग करावा. यात भक्तीला तिळमात्र उणेपणा येत नाही. जलाला देवता मानणाऱ्या समाजाने ते निर्मळ राखणे ही पूजेचीच पहिली पायरी होय.

शासनाने नाले वळवावेत, शुद्धीकरण केंद्रे अखंड चालवावीत, हा आग्रह धरलाच पाहिजे. त्याचबरोबर प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते याचा माग काढावा. तो माग तलावापर्यंत पोहोचत असेल, तर कामाची सुरुवात कोठून करायची हे वेगळे सांगावे लागणार नाही.