वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी



आज बोलूया मुंबईच्या लाल डबल डेकरविषयी.
शहराच्या बससेवेची, म्हणजे बेस्टची, दुमजली बस.

मुंबईत ती आली 1937 साली.
डिझेलवर चालणारी शेवटची नियमित दुमजली बस निवृत्त झाली सप्टेंबर 2023 मध्ये.
अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणारी ती बस.
निरोपाला बसप्रेमी जमले होते.
बसला हार-फुलं घातली होती.

खरी गंमत वरच्या मजल्यावर.
अगदी पुढची खिडकी!
ती मिळावी म्हणून पोरं जिना धावत चढायची.
मोठी माणसंही... पण जरा बेतानं.
खिडकीतून थेट तोंडावर वारा.
मध्येच झाडाची फांदी टपावर खर्रकन घासायची.
आताच्या एसी डबल डेकरमध्ये तो वारा नाही, हे मात्र खरं.

जुन्या डबल डेकरला कंडक्टर दोन.
एक खाली, एक वर.
दोरी ओढली की घंटा वाजायची.
एक टोला, गाडी थांबवा.
दोन टोले, चला पुढे!

मग ती का गेली?
गाड्यांचं वय झालं होतं.
आणि दोन कंडक्टरांचा खर्च परवडेना.
लक्षात घ्या, डबल डेकर संपली नाही.
संपली ती डिझेलची.
विजेवरची, वातानुकूलित दुमजली बस 2023 पासून मुंबईत धावते आहे.

बेस्टचं संग्रहालय आहे आणिक आगारात.
मुलांना घेऊन एकदा जरूर जा.
आणि घरात जुनं बसचं तिकीट सापडलं, तर टाकू नका!