दोन पोस्टरं, एकच 'तू'



दिमित्री ऑर्लोव्ह, जन्म १८८३, रशिया. झारशाहीत व्यंगचित्रं काढायचा. सही 'मोओर', शिलरच्या नाटकातल्या बंडखोर लुटारूचं नाव.

१९२०. यादवी युद्ध. त्याच्या पोस्टरवरचा लाल सैनिक बोट रोखून विचारतो : तू भरती झालास का? पुढच्याच वर्षी व्होल्गाकाठी दुष्काळ. पाऊस नाही, युद्ध अन् सक्तीच्या धान्यवसुलीनं कोठारं आधीच रिकामी. लाखो मेले. मोओरनं काळ्या भिंतीसारख्या कागदावर हात उंचावलेला हाडकुळा म्हातारा काढला. शेजारी मोडकं कणीस. खाली एकच शब्द : मदत कर.

दोन्हीकडं 'तू'. गर्दीला नाही, एकट्याला गाठलं.

भिंती रंगवणाऱ्या पोरांनो, घोषणांचा ढीग नको. आणि राज्य आपलं आलं तरी भूक झाकू नका.