पोचपावती घेतली का?

आज बोलायचंय ते वाटेतच अडकलेल्या लेकरांबद्दल. शाळा आहे, पटावर नावही आहे, पण तिथवर पोचायचं कसं?

माझी लेक दहा वर्षांची आहे. तिला चालता येत नाही. आमच्या वस्तीपासून शाळा दोन किलोमीटर. लहान होती तोवर कडेवर नेली. आता तिचं वजन वाढलं, माझी कंबर आहे तेवढीच. त्यात कांदा लागवड सुरू झाली की सकाळी सातला वावरात उभं राहावं लागतं, ते तुम्हाला मी काय सांगू. जीपवाला म्हणतो, हिला चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, दोन सीटचे पैसे द्या.

मी तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा तोंडी. "बघतो ताई," एवढंच ऐकलं. एकदा तर सांगितलं, "घरीच शिकू द्या ना तिला." मी गप्प बसले. पुढं कळलं की घरी शिकवण्याची सोय कायद्यात आहे खरी, पण ती तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी, आणि तीही मुलाच्या पसंतीनं. गाडीची सोय होत नाही म्हणून कुणी ती आपल्या गळ्यात मारायची नसते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांच्या ये-जा करण्याची सोय करावी. ज्याला जास्त आधार लागतो, त्याच्या सोबत्याचीसुद्धा. समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. आपलं लेकरू त्यात बसतं का, ते पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांना विचारा. एसटीनं जात असाल तर दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत असते. ओळखपत्र मात्र सोबत हवं.

चौथ्या वेळी मी कागदावर लिहिलं. लेकीचं नाव, इयत्ता, घर ते शाळा अंतर, जीपवाला किती मागतो, आणि महिन्यात किती दिवस शाळा बुडाली. ते दिवस कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवले होते, त्याचाच उपयोग झाला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली. दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतली. कारकून म्हणाला, "ठेवा इथं, शिक्का कशाला?" मी उभीच राहिले.

शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील करता येतं. दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथंही अर्ज करता येतो. पण तारीख कुठून मोजणार, पोचपावतीच नसेल तर?

आणखी एक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. आमच्या गटातल्या दोघी तिथं आहेत. त्यांनी विषय काढला, ठराव लिहून घेतला. मी एकटी बोलत होते तेव्हा ती माझी रड होती, ठराव झाल्यावर ते शाळेचं काम झालं.

भत्त्याचा अर्ज आता मंजूर झालाय. जीपवाला एका सीटवर आलाय, कुरकुरतो अजून. पावसाळ्यात वाटेतला ओहोळ भरतो आणि जीप अलीकडंच थांबते, त्याचा अर्ज या शुक्रवारी लिहायचाय.