फॉन्ट गेला तरी अक्षर राहू दे



मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून सगळे विचारतात, "नवीन काय आलंय?" आज मी जुन्याबद्दल बोलणार आहे.

घरोघरी जुन्या मराठी फाइली आहेत. उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड! पण फाइल बिघडलेली नसते. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावरच मराठी अक्षराचं चित्र बसवायचे. फॉन्ट नसला की चित्र जातं, खालचं इंग्रजी उरतं. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले, म्हणून आज फोनवरचा 'क' सगळीकडे 'क'च दिसतो.

आपल्या काही शिक्षकांचे लेख अशा फाइलींत अडकलेत, आणि पुन्हा लिहून द्यायला ते आता नाहीत. नवा फोन पुढच्या वर्षीही मिळेल, हे लेख मिळणार नाहीत. तेव्हा फाइली पुसू नका. कोणता फॉन्ट वापरला होता, तेवढं शोधा. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, फक्त जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांनी तपासावे लागतात. फाइली माझ्याकडे पाठवा, बदलण्याचं काम माझं. तपासायला मात्र मराठीच्या बाईच हव्यात!